पाळकसाहेब रुजू झाले, पण चार्ज हळूहळू द्या



बेळगावच्या जुन्या आठवणी मी इथे नेहमी लिहितो, आज ताजंच लिहितोय. बायपासनंतर तीन महिन्यांनी आमचे पाळकसाहेब मागच्या रविवारी उपासना घ्यायला उभे राहिले. हार झाले, महिला संघाचा केक झाला, बऱ्याच जणांचे डोळे भरून आले. आणि व्हरांड्यात येईपर्यंत त्यांच्यापुढे यादी तयार! बुधवारी कॅम्पातली प्रार्थना, शनिवारी लग्न, खानापूरकडच्या दोन मंडळ्यांत प्रभुभोजन राहिलंय. एक बाई म्हणाल्या, "नव्या घराच्या प्रार्थनेसाठी तुमचीच वाट बघत थांबलो होतो." प्रेम आहे, नाही म्हणत नाही. पण मला ती थकबाकीची वसुली वाटली.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. लांब आजारपणानंतर माणूस रुजू व्हायला आला की आधी फिटनेस सर्टिफिकेट मागायचे. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असायच्या, त्यामुळे एकटा माणूस अडला म्हणून ब्रँच बंद पडत नसे. मंडळीत मात्र सगळ्या किल्ल्या एकाच्याच कमरेला. बाप्तिस्मा, दफन, नवरा-बायकोचं भांडण, छपराची गळती, सगळं पाळकांकडे.

बायपासमध्ये छातीचं हाड कापून तारेने बांधतात. ते जुळायलाच दोन-तीन महिने जातात. त्यानंतर माणूस बाहेरून ठणठणीत दिसतो, पण थकवा रेंगाळतो, कित्येकांचं मनही खचलेलं असतं. अशा माणसाने दफनाला जाऊन दुसऱ्याच्या घरचं रडणं अंगावर घ्यायचं, हे वजन कुठल्या तराजूत मोजणार?

"देव शक्ती देईल" असं म्हणणारे आहेत. देईलच. पण फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून बघा. एपफ्रदीत मरता मरता वाचला. पौल स्वतः कैदेत, त्याला मदतीची गरज, तरी त्याने त्याला कामाला जुंपलं नाही, घरी पाठवलं आणि त्याचा मान राखा म्हणून लिहिलं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा, तेव्हा सासऱ्याने, इथ्रोने, त्याला काम वाटून द्यायला लावलं. यात कोणाचा विश्वास कमी पडला?

बेळगावात लंडन मिशन 1820 साली आलं, 1904 मध्ये काम मेथडिस्टांकडे गेलं. त्या काळच्या गोऱ्या मिशनऱ्यांना काही वर्षांच्या सेवेनंतर फर्लो मिळायची, मायदेशी जाऊन तब्येत सुधारून यायचे. उन्हाळ्यात महाबळेश्वर होतंच. आपल्या देशी पाळकांना आपण मिशनचं काम दिलं, फर्लो द्यायची राहून गेली.

"पण साहेबच ऐकत नाहीत, त्यांनाच उत्साह आहे," असं पंचकमिटीतले एक जण म्हणाले. अहो, ऐकतील कसे? पाळकांचं राहतं घर हे कामाबरोबर मिळालेलं घर. झेपत नाही म्हटलं की बदली किंवा लवकर निवृत्तीची कुजबुज सुरू. मुलीचं कॉलेज इथलं, औषधपाणी इथलं. मग माणूस छातीवर हात ठेवून हसत "झेपतंय की" म्हणणार. म्हणून त्यांना विचारूच नका. कमिटीने ठरवावं आणि लेखी द्यावं की पुढचे सहा महिने काम कमी, पगार आणि घर आहे तसंच. हे लेखी नसेल तर त्या हाराला काही किंमत नाही, स्पष्ट बोलतो.

संदेश एका रविवारी त्यांनी द्यावा, दुसऱ्या रविवारी आपल्यातल्या कोणीतरी. बोलता येणारे पाच-सहा जण तरी आहेत, उगाच लाजतात. घरभेटींना वडीलधाऱ्यांनी दोघा-दोघांनी जावं. प्रभुभोजन आणि लग्नाला दीक्षित पाळकच लागतात, तेवढ्यासाठी शेजारच्या मंडळीच्या पाळकांना विनंती करता येईल. आणि रात्री नऊनंतर पाळकबाईंना फोन करून "साहेब आहेत का?" विचारणं बंद करा बघू. तीन महिने त्या बाईनेही झोप काढलेली नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटीची बैठक आहे. खानापूरच्या फेरीला आमच्या मुलाची गाडी देतो, पेट्रोल माझं. चालवायला कोण येतंय ते तिथे सांगा.