घराची दुसरी खोली

गिरगावच्या चाळीतल्या माणसाला रस्ता पाहायचा असला, की तो गॅलरीत येऊन कठड्यावर रेलतो. वरळीच्या बीडीडी चाळीत ही चैन नव्हती. गॅलरीच नाही, तर रेलणार कुठे? मजल्याच्या मधोमध बोगद्यासारखा लांबच लांब व्हरांडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. भर दुपारीही तिथे दिवा जळत असायचा. उजेड हवा, वारा हवा, दोन माणसांची तोंडे दिसायला हवीत, तर मुकाट्याने जिना उतरायचा. बीडीडीतल्या रस्त्याचे सारे माहात्म्य या एका गोष्टीत आहे, असे माझे मत आहे.

बांधणाऱ्यांच्या मनात अर्थातच असे काही नसणार. १९२० साली, सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना, 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खाते निघाले आणि त्याने कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी उठवल्या. नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी. एकट्या वरळीत १२१. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची! सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारने यांतल्या काही चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला होता. माझे मामा म्हणायचे, "इमारत बघितलीस ना? ती मुळात त्याच कामाची. आम्ही आपले भाडे भरून आत राहतो."

मामा साताऱ्याकडून गिरणीत आले, तेव्हा त्यांच्या खोलीत गावचेच डझनभर गडी राहत. पहिल्या पाळीचा उठला, की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकी. पुढे मामी आली, मुले झाली, तरी गावाकडचा कोणी ना कोणी पाहुणा असायचाच. एवढी माणसे एका खोलीत मावली कशी, असे आमच्या कॉलेजातले विद्यार्थी मला विचारतात. ती मावत नव्हतीच. ती खाली असत.

मी मराठी शिकवणारा. शब्दांकडे कान जातोच. बीडीडीत 'बाहेर' आणि 'खाली' हे दोन अगदी निराळे शब्द होते. बाहेर जाणे म्हणजे दादरला, लालबागला, नाहीतर गावाला जाणे. त्यासाठी केस विंचरावे लागत, चपला घालाव्या लागत. 'खाली' म्हणजे घरातच. "दिन्या आहे का?" म्हणून विचारले, तर मामी खिडकीतून बोट दाखवून म्हणे, "हाय की, खाली हाय." जणू आतल्या खोलीत अभ्यास करतोय!

आणि खरोखरच तो अभ्यास करत असे, दिव्याच्या खांबाखाली. पलीकडे म्हाताऱ्यांची पत्त्यांची बैठक, अलीकडे मंडळाचा फळा. कोणाचा मुलगा पास झाला, कोण वारले, पाणी उद्या किती वाजता येणार, ते सगळे त्या फळ्यावर. उन्हाळ्यात कुरडया वाळायच्या त्या रस्त्याकडेला, आणि कावळे हाकलायची नेमणूक आम्हा सुट्टीतल्या भाच्यांची. लग्नाचा मांडव रस्त्यावर, आणि दिवाळीत मातीचा किल्लाही तिथेच. कबड्डीचे सामने जांबोरी मैदानात होत. पण ते हरल्यावरची भांडणे मात्र आमच्या रस्त्यावर येऊन मिटायची. रात्री जेवणे झाली, की पुरुष वळकट्या काखोटीला मारून खाली उतरत.

पण ज्या रस्त्यावर आपण झोपतो, तो रस्ता उलटला तर? जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर या चाळींत दंगल भडकली. सवर्णांच्या चाळी आणि दलितांच्या चाळी एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या आणि मधला रस्ता सरहद्द झाला. मामा त्यावर फारसे बोलत नसत. एकदाच म्हणाले, "ज्याच्याबरोबर पत्ते खेळलो, त्याच्या खिडकीकडे बघवेना." चाळीच्या गोडव्याचे लेख वाचताना मला हे वाक्य आठवते. ते अशा लेखांत सहसा नसते.

आता एकेक चाळ रिकामी होऊन पाडली जात आहे. म्हाडाच्या पुनर्विकासात तिथे चाळीस मजली इमारती उठल्या, आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांत मामी होती. मामा नव्हते.

घर पाहायला गेलो आणि चार पावसाळी वाक्ये माझ्या तोंडून निघालीच: ती माणसे, तो शेजार वगैरे. मामीने चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "तुला काय जातंय रं बोलायला? संडास मजल्याच्या टोकाला. पोरगी मोठी झाल्यावर रोज रातीला दाराबाहेर राखण हुबी राह्यले मी. बारा वर्सं. आता हितं आतनं कडी लागतीया." तिने उठून मला न्हाणीघराचे ते दार उघडून, लावून दाखवले. दोनदा.

या उत्तरावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

घरे चिठ्ठ्या टाकून वाटली गेली, त्यामुळे शेजारच्या खोलीतली शांताबाई गेली आठ मजले वर. पन्नास वर्षे दोघींच्या मध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीवर बुक्की मारून साखर मागायची पद्धत होती. आता लिफ्ट आहे. मामी म्हणते, लिफ्टमधी कुणी बोलत न्हाई, समदी वर आकडं बघत हुबी राहत्यात.

संध्याकाळी मी निघालो, तर मामी म्हणाली, "थांब, मीबी येते खालपतूर." आणि आत गेली. मी दाराशी उभा. पाच मिनिटे झाली, सात झाली. मामी आली ती इस्त्रीचे लुगडे नेसून, कुंकू नीट करून, पायांत नव्या चपला घालून.

"कुठे बाहेर निघालीस?" मी विचारले.

"न्हाई रं," ती म्हणाली, "खालीच."