सल्ला खरा, पण फायदा कोणाचा?



रमी आणि मेंढीकोट खेळत वाढलेल्या आपल्या पिढीने टेक्सासात येऊन ‘टेक्सास होल्डेम’ आपलासा केला, यात नवल नाही. फ्रिस्कोहून तासाभरात ओक्लाहोमाच्या हद्दीवरचा विनस्टार कसिनो गाठता येतो, आणि तेवढेही जायचे नसेल तर कोणाचे तरी घर असतेच. मग व्यावसायिक खेळाडूंचे प्राथमिक सल्ले फिरू लागतात: कमी हात खेळा, पाळी शेवटी येत असेल तेव्हाच धाडस करा, पैसे लावण्याआधी शक्यता मोजा, गेलेले भरून काढायला बसू नका. हे सल्ले उपयोगी आहेत का? माझे मत असे: कमी हरण्यासाठी आहेत, कमावण्यासाठी जवळजवळ नाहीत.

आधी चांगली बाजू. दोन पानांच्या १,३२६ जोड्या संभवतात आणि जोडपान साधारण १७ हातांत एकदा येते. म्हणजे बहुतेक हात टाकून देण्याच्याच लायकीचे. दुसरे उदाहरण घ्या. बदामाची चार पाने जमली आहेत आणि शेवटचे एक पान उघडायचे आहे. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम, म्हणजे शक्यता २० टक्क्यांहून किंचित कमी. मध्ये ८० डॉलर असतील आणि पुढे राहायला २० लागत असतील, तर सौदा जेमतेम बरोबरीचा. ४० लागत असतील तर पाने खाली ठेवावीत. हे गणित नव्या खेळाडूचे पैसे नक्की वाचवते. महाभारतातल्या नलानेही द्यूतात गमावलेले राज्य परत मिळवले ते ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून, आणि तो ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नजरेने मोजणारा होता.

पण नलासमोर पुष्कर एकटा होता, आणि ती विद्या पुष्कराकडे नव्हती. आज तीच विद्या सगळ्यांच्या फोनवर आहे. डॉयल ब्रन्सन या टेक्सासच्या खेळाडूने १९७० च्या दशकाच्या शेवटी आपले पुस्तक १०० डॉलरला विकायला काढले, तेव्हा ती माहिती मोजक्यांकडेच होती. टेबलावरच्या नऊही जणांनी एकच सल्ला वाचला, तर कोणालाच आघाडी उरत नाही. क्लबात तासाचे शुल्क असते, ते वेगळेच. माणशी १२ डॉलर धरले तरी चार तासांत नऊ जणांचे ४३२ डॉलर टेबलावरून कायमचे उठतात.

दुसरा मुद्दा माझ्या व्यवसायातला, म्हणजे संकेत आणि गोंगाट यांचा. समजा एखादा खरोखर चांगला खेळतो: एक-दोन डॉलरच्या टेबलावर शंभर हातांमागे सरासरी १० डॉलर कमावतो. दर शुक्रवारी दोन तास, तासाला ३० हात, म्हणजे वर्षाला सुमारे ३,००० हात. अपेक्षित कमाई ३०० डॉलर. पण नशिबाचा चढउतार, ढोबळमानाने, हजार डॉलरच्या घरात. असे शंभर चांगले खेळाडू घेतले तर त्यांतले ३५ ते ४० वर्षअखेर तोट्यात असतील, आणि कितीतरी सुमार खेळाडू फायद्यात. मग सल्ला लागू पडला की नाही, हे शुक्रवारी खेळणाऱ्याला कळणार कसे? फायद्यात राहिलेला स्वतःला हुशार समजतो आणि पुढच्या वर्षी मोठ्या टेबलावर बसतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्यावसायिकांचा सर्वांत मोलाचा सल्ला पत्त्यांबद्दल नसतोच. खेळाचे भांडवल घरखर्चापासून वेगळे ठेवा, असा तो असतो. ज्याची नोकरी गेली की एच-वन-बीवर जेमतेम ६० दिवसांची मुदत मिळते, ज्याच्या पगारातून भाडे आणि गावचे कर्ज दोन्ही जाते, त्याच्याकडे असे वेगळे भांडवल कुठून असणार? म्हणजे ज्याला सल्ल्याची गरज, त्यालाच तो पाळता येत नाही. शिवाय व्यावसायिकाची कमाई नवे खेळाडू येत राहण्यावर असते, त्यामुळे “तुम्ही खेळूच नका” हा सल्ला त्याच्याकडून सहसा येत नाही.

यावर बंदी हे उत्तर मला पटत नाही. भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारला. टेक्सासचा कायदा मात्र खाजगी जागेतला असा खेळ, ज्यात जिंकण्यापलीकडे कोणाचा आर्थिक लाभ नाही आणि धोका सर्वांना सारखा आहे, तो बचाव म्हणून मान्य करतो. थोडक्यात, घरातल्या टेबलाची जबाबदारी घरातल्यांचीच.

म्हणून सुचवावेसे वाटते: रक्कम सर्वांत कमी पगाराच्या माणसाला सिनेमाच्या तिकिटाइतकी हलकी वाटेल एवढीच ठेवा, हरल्यावर पुन्हा पैसे घालण्याची सोय बंद करा, आणि उठण्याची वेळ आधी ठरवा. मग सल्ले जरूर वाचा. गणित सुंदर आहे, आणि एवढ्या रकमेत ते स्वस्तात शिकता येते.