पुराची रेघ

सांगलीत जुनं घर विकायला काढलं की पहिला मान रंगाऱ्याचा. गावभागातल्या ओळखीच्या घरात परवा तेच झालं: भिंती पिस्ता रंगाच्या, दाराला नवं तोरण, अडगळ भंगारवाल्याकडे. गिऱ्हाईक आलं. त्यानं ना स्वयंपाकघर बघितलं ना देवघर, सरळ जिन्याखाली वाकलं आणि विचारलं, "एकोणीसला पाणी कुठवर होतं?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. मीटरच्या फळीमागे ब्रश पोचला नव्हता. गढूळ रेघ तशीच होती. घरमालकीण काकूंनी न लपवता तिच्यावर बोट ठेवलं. बरं केलं. प्रत्येक गावाची अडचण वेगळी: साताऱ्याच्या पेठांत पुराची धास्ती नाही, पण तिथं घर विकताना रंगाआधी बहिणींची हक्कसोडपत्रं लागतात. इथं रेघ बघूनही गिऱ्हाईक मात्र उठून गेलं नाही. त्यानं खिशातून टेप काढली आणि माळा मोजला: पाणी आलंच तर फ्रीज वर चढेल का, एवढंच त्याला बघायचं होतं.