टेलिपोर्टची विद्या आणि खेळांतील भूमि

आमचे विद्यार्थी सुटींत जे ऑनलाइन खेळ खेळतात, त्यांपैकीं कांहींत एकेक पात्र धारण करून डोंगरदऱ्या तुडवीत जावें लागतें. अशा खेळांत एका ठिकाणीं गुप्त होऊन क्षणांत दुसऱ्या ठिकाणीं प्रकट होण्याची जी विद्या असते, तिला टेलिपोर्ट म्हणतात. या विद्येनें भूमीची मर्यादा कितपत पाळावी, हा प्रश्न पालकांस क्षुल्लक वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं.

सन २००० मध्यें निघालेल्या 'डायाब्लो २' या खेळांतील जादूगारिणीस भिंत, नदी, कांहींच आड येत नाहीं. पलीकडे उभें राहण्यास जागा असली कीं झालें. 'ड्युरन्स ऑफ हेट' नामक भुयारांतील वाटा अशा गुंतागुंतीच्या आहेत कीं, पायीं जाणारास राक्षसांच्या झुंडींशीं पदोपदीं लढावें लागतें. जादूगारीण मात्र भिंती ओलांडीत थेट तळाच्या मेफिस्टोपर्यंत जाते, तेथें गांवाशीं जोडणारें मायाद्वार उघडते, आणि गांवांत स्वस्थ बसलेले तिचे सोबती त्यांतून अलगद येऊन उभे राहतात. एका डावांत आठ जण खेळूं शकतात. त्यांपैकीं सातांनीं तें भुयार पाहिलेलेंही नसतें! पुढें सन २००३ मध्यें 'एनिग्मा' नांवाचें चिलखत आलें. तें घालणाऱ्या कोणत्याही पात्रास हीच विद्या साध्य होते. मग ते चक्रव्यूह रचणाऱ्यांनीं श्रम केले ते कोणासाठीं?

सन २००४ चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ याहून शहाणा, असें आमचें मत आहे. त्यांतील जादूगाराची 'ब्लिंक' ही विद्या त्यास २० यार्ड पुढें नेते, पण मध्यें भिंत आली कीं अलीकडेच थांबविते. तथापि तींतही एक खोट होती. पडद्यावर दिसणारें दृश्य निराळें, आणि वाट मोकळी आहे कीं नाहीं हें ठरविणारें गणित निराळें. त्यामुळें पायरीसारख्या किरकोळ उंचवट्यापाशींही विद्या वाया जाऊन जादूगार जागच्या जागीं राही, अशी खेळाडूंची जुनी तक्रार असे. ती आम्हांस रास्त वाटते. भिंतीनें अडविलें तर मुलगा पुढच्या खेपेस वाट बदलील. न दिसणाऱ्या अडथळ्यापुढें बिचाऱ्यानें काय करावें?

कोणी म्हणेल, घटकाभर मौजेच्या खेळांत इतकी काटेकोर दृष्टि कशाला? परंतु ज्या नदीवर पूल शोधण्याचें कारणच उरलें नाहीं, तेथें सोबत्यांची तरी गरज कोणास भासणार?

याच दुसऱ्या खेळांत सन २००८ मध्यें वॉरलॉक या पात्रास एक युक्ति मिळाली, ती आम्हांस अधिक पसंत आहे. तो उभा असेल तेथें जमिनीवर एक मंडल मांडतो, व पुढें ४० यार्डांच्या आंत असल्यास क्षणांत त्या मंडलावर परततो. मात्र मंडल मांडण्यासाठीं प्रथम त्याला तेथवर स्वतः जावें लागतें.