रद्दीच्या गठ्ठ्यातील बालशिक्षण

आषाढातील एखादा रविवार. बाहेर संततधार लागलेली, अंगणात वा मैदानात पाऊल टाकण्याची सोय नाही. सदनिकेतील चार-पाच वर्षांचे मूल आईभोवती भुणभुण करते आणि थोड्याच वेळात त्याच्या हाती भ्रमणध्वनी येतो. घर शांत होते. त्याच घरात महिन्याभराच्या वृत्तपत्रांचा गठ्ठा रद्दीवाल्याची वाट पाहत पडलेला असतो. मुलाने काय मागितले होते आणि त्याला काय मिळाले, याचा विचार त्या शांततेत सहसा कोणी करत नाही.

मुलाला हवे असते हातांना काम आणि शेजारी एखादे मोठे माणूस. पडदा या दोहोंपैकी काहीच देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांनुसार एक वर्षाखालील मुलांना पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. हे आता बहुतेक पालक जाणतात. परंतु नुसत्या नकाराने प्रश्न सुटत नाही. जे काढून घेतले, त्याच्या जागी काय द्यायचे? बाजार यावर तत्परतेने महागडे हस्तकला-संच पुढे करतो. त्यांत सारे आधीच कापलेले, आखलेले असते; मुलाने फक्त चिकटवायचे. रद्दीचा कागद असे काही ठरवून देत नाही. तो चुरगळला, फाटला, बिघडला तरी कोणी रागावत नाही, आणि लहान मुलाला सर्वांत मोठे स्वातंत्र्य हवे असते ते चुकण्याचे.

त्या कागदाचे काय होऊ शकत नाही? कागदाचे बोळे करून उजव्या हाताने, मग डाव्या हाताने बादलीत टाकता येतात. पूर्ण पानावर तिघाचौघांनी उभे राहायचे, दर फेरीला ते निम्मे दुमडायचे आणि तरीही कोणाला खाली पडू द्यायचे नाही, हा खेळ भावंडांना एकमेकांना धरून ठेवायला शिकवतो. मासा कापून जमिनीवर ठेवावा आणि घडी घातलेल्या कागदाने वारा घालत भिंतीपर्यंत न्यावा. मथळ्यांतील मोठ्या अक्षरांतून आपल्या नावाचे अक्षर शोधून त्याभोवती गोल काढावा. मराठी अक्षरओळखीचा याहून स्वस्त आणि आनंददायी मार्ग नाही. पाने गुंडाळून केलेल्या सुरळ्या दोऱ्याने बांधल्या की त्यांचा पूल होतो, आणि उभ्या पानाने न पेललेले पुस्तक सुरळ्या कशा पेलतात, हे मूल डोळे विस्फारून पाहते. वृत्तपत्र उभे फाडले तर सरळ फाटते, आडवे फाडले तर वेडेवाकडे. कारण कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात. कारण नंतर सांगावे, शोध मुलाचा मुलालाच लावू द्यावा. होडी, टोपी आणि भिरभिरे तर आजोबांच्या बोटांत अजून आहेतच.

यात नवे काही नाही, आणि ते परकेही नाही. टी. सुंदरराव यांनी १८९३ साली मद्रासमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात केवळ घडी घालून भूमितीचे सिद्धांत कसे समजावता येतात, हे दाखवले. बालवाडीतील घडीकामावरूनच ती कल्पना त्यांना सुचली होती. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्या ग्रंथाची दखल घेतली आणि १९०१ साली त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि त्यांच्यासह अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, परिसरात जे सहज मिळते त्यातूनच बालशिक्षणाची साधने उभी केली. साधनांची गरिबी शिक्षणाच्या आड येत नाही, हे त्यांनी वनवासी मुलांच्या अंगणात सिद्ध केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत वयात खेळातून शिकण्यावर भर दिला, तो याच विचाराशी नाते सांगणारा आहे.

काही पथ्ये मात्र हवीत. छपाईच्या शाईत आरोग्यास अपायकारक द्रव्ये असू शकतात. म्हणूनच खाद्यपदार्थ वृत्तपत्रात बांधू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ आणि पुन्हा २०२३ साली बजावले. तेव्हा कागद तोंडात जाऊ नये, खेळ संपल्यावर हात साबणाने धुवावेत, अगदी तान्ह्यांना हे साधन देऊ नये. चिकटवण्यासाठी कणकेची किंवा मैद्याची खळ पुरते.

दुसरे पथ्य संस्काराचे. कागदाला पाय लागला तर नमस्कार करावा, असे आपल्याकडे मुलांना शिकवले जाते. मग त्याच कागदावर उभे राहायचे कसे, असे आजी विचारील तर तिचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. खेळापूर्वी देवदेवतांची व राष्ट्रपुरुषांची चित्रे असलेली पाने मुलाकडूनच वेगळी काढून घ्यावीत. ती निवडताना मूल विचारते, ‘हे कोण?’ तेथे गोष्ट सुरू होते. शेवटी उरलेले तुकडे मुलानेच गोळा करावेत आणि भिजवून लगदा करावा. त्यातून वाटी वा मुखवटा घडतो.

खरी अडचण कागदाची नाही, वेळेची आहे. नोकरी, प्रवास आणि स्वयंपाक यांत दमलेल्या आईला हा आणखी एक भार वाटला, तर तिचा दोष नाही. मुलाचे खेळणे हे एकट्या आईचे काम समजणे, हा दोष कुटुंबाचा आहे. वडिलांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास जमिनीवर बसावे, आजीआजोबांना पुन्हा बोलावून घ्यावे, शेजारची दोन मुले हाक मारून आणावीत. संघशताब्दीच्या निमित्ताने कुटुंब प्रबोधन, पर्यावरण आणि स्वदेशी यांविषयी पुष्कळ बोलले गेले. या तिन्ही गोष्टी घराच्या फरशीवर पसरलेल्या एका जुन्या पानावर एकत्र येतात.

बातम्याही आता पडद्यावर वाचल्या जाऊ लागल्याने अनेक घरांत वृत्तपत्र येणेच थांबले आहे. गठ्ठा अजून जेथे आहे, तेथे पुढच्या वेळी रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्यातील दहा पाने मुलासाठी बाजूला काढावीत. रद्दीचे चार रुपये कमी येतील. घरातील मूल अर्धा तास आपल्या माणसांचे होईल.