ओरखडा दिसतो, बुरशी लपते
जुनी लेन्स ऑनलाइन घेताना गिऱ्हाईक पुढच्या काचेवरचा ओरखडा शोधतं, आणि तिथंच फसतं. ओरखडा डोळ्यांना खुपतो, पण छायाचित्रावर त्याचा परिणाम बहुधा नगण्य असतो. आतल्या थोड्याफार धुळीचंही तेच. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र महागात पडतो. खरा शत्रू म्हणजे बुरशी आणि काचांमधला धूसर थर. विक्रेत्यानं समोरून काढलेल्या फोटोत ही दोन्ही सहसा दिसत नाहीत.  जुन्या तैलचित्रांवरचे पोपडे, भेगा तिरक्या प्रकाशात उठून दिसतात. लेन्सचंही तसंच. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून तिरका टॉर्च मारला, की फांद्या फुटलेले बारीक तंतू नजरेत भरतात. ‘मिंट कंडिशन’ या शब्दांवर विसंबण्यापेक्षा असा एक फोटो मागावा, आणि लेन्स कुठं राहिली तेही विचारावं. बुरशीला दमट हवा लागते. खटाव तालुक्यातल्या औंधसारख्या कोरड्या मुलखात तिला रत्नागिरीपेक्षा वाव कमी. कुणी म्हणेल, गावाचं नाव हा काय पुरावा झाला? नाहीच. लेन्स चार हात फिरून आलेली असू शकते, आणि चामड्याच्या बंद पेटीत कोरड्या गावातही ओल धरते. पण संशय कुठं जास्त घ्यायचा, एवढं त्यावरून ठरतं. ‘बुरशी साफ करता येते’ हेही अर्धंच खरं: तंतू पुसले जातात, त्यांनी खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. शिवाय स्वस्त लेन्स उघडून पुसण्याची मजुरी तिच्या किमतीलाच जाऊन भिडते.