वखारीला तलवार नसते

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. आनंद झालाच, का होऊ नये? पण त्याच जिल्ह्यात, वेंगुर्ल्याला, एक डच वखार आहे. तुम्ही वेंगुर्ल्याला गेला असाल, बंदरावर फोटो काढले असतील, सुरमईचं ताट हाणलं असेल. आणि वखार? "ते पडकं होय?" बस्स, विषय संपला.

तर या 'पडक्या'ची गोष्ट अशी. १६३७ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवून वेंगुर्ल्यात बस्तान मांडलं. खाली गोव्यात पोर्तुगीज. त्यांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना हे बंदर फार सोयीचं होतं. म्हणजे युरोपातल्या दोन सत्तांचं भांडण आपल्या या चिमुकल्या गावाच्या दारात चाललं होतं! आणि त्या वखारीचं काय झालं? छप्पर गेलं, भिंतींत झाडं रुजली, मुळांनी चिरे सुटे केले.

"अहो पण ती परक्यांची!" हा ठरलेला युक्तिवाद. मग मुंबईचं व्हीटी स्टेशन काय पेशव्यांनी बांधलं? ते २००४ साली जागतिक वारसा झालं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्याच की.

खरी गोम वेगळी आहे. आपल्याला इतिहास म्हटलं की लढाईच लागते. किल्ल्याला तलवार असते, वखारीला नुसती हिशेबाची वही. पण बंदराचं गाव जगतं ते मालाच्या चढउतारावर. वखारी, जुन्या पेढ्या, कौलारू घरं वगळून बंदराचा इतिहास सांगणं म्हणजे सर्व्हर फेकून देऊन लॉगिनचा स्क्रीन जपण्यासारखं आहे.

दुसरा युक्तिवाद पैशांचा. इथे तर मला हसूच येतं. पिंपळाचं रोप बोटभर असतं तेव्हा ते उपटायला एक माणूस पुरतो. त्याचा बुंधा झाला की काढताना भिंतही सोबत येते. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा दर्जा त्याला श्वास घेऊ देतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आणि खार आतच कोंडतात आणि चिरा भुसभुशीत होत जातो. म्हणजे महाग पडते ती दुरुस्ती, देखभाल नव्हे. कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा, मिरगाआधी कौलं का परततात ते.

म्हणून मागणी साधी आहे. कोट्यवधींचं सुशोभीकरण नको, रंगीत दिवे नकोत, 'आय लव्ह अमुकतमुक'ची अक्षरं तर नकोतच. दरवर्षी पावसाआधी झाडं काढायची, सांधे चुन्याने भरायचे, दाराशी मराठीत धड माहितीचा एक फलक लावायचा. अंदाजपत्रकात यासाठी एक ओळ पुरे, पण ती दरवर्षी हवी.

आणि हो, गावचं कौलारू घर पाडून स्लॅब टाकायचा विचार चालू असेल, तर हे सगळं तुम्हालाही लागू आहे.